शिधा हवा, तसे सातबाऱ्यावर नावही हवे





विधवा भगिनींच्या सेवेसाठी आपण जे दान पाठवता, त्याच्या हिशेबात तांदूळ, तूरडाळ, घोंगडी, मुलांच्या वह्या अशा बाबी असतात. त्या कोणालाही लगेच कळतात. पण त्याच पानावर जीपभाडे, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, तहसीलच्या फेऱ्या असाही खर्च दिसतो. सेवेची माहिती सांगायला मी मंडळ्यांमध्ये जाते, तेव्हा उपासना संपल्यावर कोणीतरी हमखास विचारते, "ताई, भुकेल्या बाईला जेवायला घालायचे सोडून कचेरीच्या फेऱ्यांवर पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकारच आहे. म्हणून या अंकात त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

थोडक्यात सांगायचे तर, सातपुड्याच्या पाड्यावरची बाई नवरा गेला त्या दिवशी निराधार होत नाही. त्या दिवशी सगळा पाडा तिच्या अंगणात असतो. ती निराधार होते पुढच्या वर्षभरात, एकेक पायरीने. कधी एक दाखला काढायचा राहतो, कधी जमिनीवर भलत्याचे नाव चढते, कधी एखादा शब्द गावभर पसरतो. त्या वर्षात कोणी तिच्याबरोबर कचेरीत आणि पंचांसमोर उभे राहिले, तर पुढे तिला आपल्या शिध्याची गरज कमी पडते. कोणी उभे राहिले नाही, तर तिला जन्मभर शिधा द्यावा लागतो.

आपल्या मनातली विधवा आणि सातपुड्यातली विधवा

'विधवा' म्हटले की आपल्या मनात जे चित्र उभे राहते, ते बहुतेक पंडिता रमाबाईंच्या काळातले असते. रमाबाईंनी 1887 साली उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभारले. केशवपन झालेली, आलवण नेसलेली, अंधाऱ्या खोलीत बसवलेली बालविधवा त्यांनी जगापुढे आणली. त्या प्रथांचे अवशेष अजून गेलेले नाहीत. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले, यावरूनच ते कळते.

पण आमचे सेवाक्षेत्र वेगळे आहे. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार शंभरातले 69 लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी या समाजांत केशवपनाची रीत कधी नव्हती. विधवेने दुसरे घर केले तर त्याला कोणी पाप म्हणत नाही. लग्नात हुंडा मुलीकडून घेत नाहीत. उलट मुलाकडचे 'देज' देतात. हे ऐकून शहरातले बंधू म्हणतात, "मग तर बरेच आहे की!" काही बाबतींत खरेच बरे आहे, आणि ते मान्य करायला आपल्याला संकोच वाटू नये.

अडचण दुसरीकडून येते. देज दिले म्हणजे सून आपल्या घराची झाली, अशी समजूत असते. मुले बापाच्या कुळाची मानली जातात. अनेक ठिकाणी विधवेने धाकट्या दिराबरोबर घर मांडावे अशी अपेक्षा असते. तिने ते मान्य केले किंवा दुसरीकडे लग्न केले, तर तिची सोय लागते. पण दुसरीकडे जाताना मुले आणि जमीन मागे ठेवावी लागते. जी म्हणते, "मी माझ्या मुलांना घेऊन याच घरात राहीन, याच शेतात राबेन," तिच्यावर पहिले संकट येते. दुसरे येते मुलगा नसलेल्या बाईवर. तिसरे येते त्या म्हातारीवर, जिची मुले ऊसतोडीला किंवा गुजरातच्या कारखान्यांत गेली ती परतलीच नाहीत. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या भगिनी बहुतेक या तिघींपैकी एक असतात.

सासरच्या लोकांना दुष्ट ठरवून आपण मोकळे होऊ नये. डोंगरउतारावरची दोन-तीन एकर जमीन, तीन भाऊ आणि मुकादमाची उचल डोक्यावर, असे ते घर असते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते. नवरा मेला तरी मुकादमाच्या वहीतली रक्कम मरत नाही. ती तो विधवेकडे मागतो, नाहीतर दिराकडे. दिराला मग भावाची बायको हा एक बोजा वाटू लागतो आणि भावाचे शेत ही त्यातून सुटायची वाट. उचल फिटेपर्यंत बाईला किंवा तिच्या मुलाला कामाला जुंपणे हे 1976 च्या वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायद्याविरुद्ध आहे, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नसते.

पहिला कागद: मृत्यूचा दाखला

पुढची प्रत्येक वाट ज्या एका कागदावरून जाते, तो म्हणजे नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. पेन्शन, वारस नोंद, विमा, मुलांची बालसंगोपनाची मदत, बँकेतले पैसे, यातले काहीही त्याच्याशिवाय हलत नाही.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. गावात मृत्यू झाला तर ती ग्रामपंचायतीत होते आणि सोपी असते. तीस दिवस उलटल्यावर वरिष्ठांची परवानगी आणि विलंब शुल्क लागते. एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंदच होत नाही. मुख्य अडचण अशी की, मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. अक्राणी तालुक्यातला माणूस सुरत जिल्ह्यात उसाच्या फडावर मेला, तर दाखला धडगावला मिळत नाही. तो त्या तिकडच्या कार्यालयातून आणावा लागतो. अंत्यविधी उरकून बिऱ्हाड परत आलेले असते. बाईला गुजराती वाचता येत नाही, पुष्कळदा मराठीही येत नाही. ती पावरी किंवा भिली बोलते. त्या गावाचे नावसुद्धा तिला नीट सांगता येत नाही. "साखर कारखान्याच्या पलीकडे, कालव्याजवळ," एवढेच तिला आठवते.

म्हणून आमचे कार्यकर्ते सांत्वनाला जातात तेव्हा प्रार्थनेनंतर तीन गोष्टी विचारतात. कोणत्या गावी वारले? दवाखान्यात नेले होते का? सोबत कोण होते? ही चौकशी काही मंडळींना त्या घडीला कोरडी वाटते. पण सोबतचे मजूर महिन्याभरात पुन्हा पांगतात आणि मग साक्षीला कोणी उरत नाही. सांत्वन आणि चौकशी एकाच भेटीत झाली, तरच पुढचे सोपे जाते.

जमीन कोणाच्या नावावर?

नवऱ्याच्या नावावर मालकीची जमीन असेल, तर त्याच्या पश्चात वारस नोंद करावी लागते. तलाठ्याकडे (आता पदनाम बदलले आहे, पण लोक तलाठीच म्हणतात) अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. वारसाने ही वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी, असा नियम आहे. मग फेरफार नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात अर्ज दीर करतो आणि वारसांच्या यादीत भावाची बायको 'राहून जाते'. किंवा कोणीच अर्ज करत नाही, सातबारा मेलेल्या माणसाच्या नावावर तसाच राहतो आणि शेत मात्र दुसराच कसतो. पाच-सात वर्षांनी बाई बोलायला गेली की तिला सांगतात, "तुझे नाव आहे का कुठे?"

हा विषय कायद्याच्या दृष्टीनेही नाजूक आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांच्यात रूढी चालते आणि 'रूढी काय' हे बहुधा पुरुषच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बिहारमधल्या आदिवासी स्त्रियांच्या खटल्यात म्हटले की, जी बाई त्या जमिनीवर पोट भरते, तिला त्या जमिनीवरून हुसकता येणार नाही. 17 जुलै 2025 रोजी छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. स्त्रीला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना, केवळ ती स्त्री आहे म्हणून तिचा किंवा तिच्या वारसांचा वाटा नाकारणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असा तो निकाल आहे. दिल्लीतला निकाल पाड्यावर पोहोचायला वेळ लागतो. पण पंचांसमोर बसताना आता आमच्या हातात तो आहे.

वनजमिनीबाबत तर कायदा तिच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दांपत्याला मिळणारा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. म्हणजे पट्टा मिळाला असेल तर विधवेचे नाव त्यावर आधीपासूनच असायला हवे. कित्येक घरांत तो कागद पत्र्याच्या पेटीत असतो आणि त्यावर आपलेही नाव आहे, हे बाईला कोणी वाचूनच दाखवलेले नसते. आमच्या कार्यकर्त्या घरभेटीला गेल्या की पेटी उघडायला सांगतात, ती यासाठीच.

'डाकीण' हा शब्द

हा भाग लिहायला जड जातो, पण लिहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. पाड्यावर एखादे मूल दगावते, म्हैस आटते, एकापाठोपाठ दोन माणसे तापाने जातात. कोणीतरी बडव्याकडे किंवा भगताकडे जाते. तो दाणे पाहून सांगतो की गावात डाकीण आहे. तो कधी नाव घेतो, कधी नुसती दिशा सांगतो: "ओढ्याच्या वरच्या अंगाला, एकटे घर." एकटे घर कोणाचे असते हे सांगायला नको.

सगळेच बडवे असे करतात असे मी म्हणत नाही. त्यांच्यात झाडपाल्याचे जाणकार आहेत, तंटे मिटवणारेही आहेत. पण ज्या बाईच्या पाठीशी नवरा नाही, मुलगा नाही आणि जिच्या ताब्यात शेताचा तुकडा आहे, तिच्यावरच हा शब्द वारंवार का येऊन पडतो, याचा विचार केला पाहिजे. एकदा तो चिकटला की विहिरीवर तिच्या घागरीला बाजूला करतात, लग्नाला बोलवत नाहीत, तिच्या हातचे कोणी खात नाही. पुढे मारहाणीपर्यंत आणि गाव सोडायला लावण्यापर्यंत मजल जाते. ती गेली की शेत मोकळेच असते.

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखाद्या व्यक्तीला करणी किंवा काळी जादू करणारी ठरवून त्रास देणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. जातपंचायतीने किंवा गावाने वाळीत टाकले, तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण नुसती फिर्याद दिली तर बाईला त्याच गावात राहणे अवघड होते. म्हणून मारहाण झालेली नसेल तर आम्ही आधी पोलीस पाटील, सरपंच, गावचा कारभारी आणि आशाताई यांना एकत्र बसवतो. आशाताई असणे फार महत्त्वाचे. मूल कशाने गेले, याचे उत्तर तिथे मिळावे लागते. न्यूमोनिया, सर्पदंश, कावीळ, सिकलसेल, यातले काही ना काही बहुतेक वेळा असते. सिकलसेल आमच्या भागात पुष्कळ आहे आणि तो आई-बाप दोघांकडून येतो, हे समजले की 'नजर' कोणाची हा प्रश्न निम्मा विरतो. आपल्या फिरत्या दवाखान्याचा खर्च आरोग्याच्या रकान्यात लिहिला जातो. पण माझ्या मते तो विधवांच्या संरक्षणाचाही खर्च आहे. वेळेवर वाचलेले प्रत्येक मूल एका म्हातारीवरचा आळ टाळते.

मारहाण झाली असेल, जिवाला धोका असेल, तर मात्र बैठक नाही. त्या वेळी पोलीस ठाणे, आणि त्या बहिणीला तात्पुरता आसरा.

याच कारणासाठी आपल्या या अंकात विधवा भगिनींचे फोटो नसतात. हातात तांदळाची पिशवी घेतलेली, नजर खाली असलेली बाई छापली तर दान वाढते, असे काहीजण सांगतात. वाढत असेलही. पण तो अंक तिच्या गावात पोहोचला, तर 'हिचे कोणी नाही' ही गोष्ट छापून आल्यासारखी होते. आमचे काम नेमके उलट आहे. हिच्या पाठीशी माणसे आहेत, हे गावाला दिसायला हवे.

सरकारी मदत: काय मिळते, कुठे अडते

आपल्या मंडळीतल्या गरजू भगिनींनाही उपयोगी पडेल, म्हणून मुख्य योजना सांगते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 65 वर्षांखालील निराधार विधवेला दरमहा 1,500 रुपये मिळतात. पुढच्या वयात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेवा केंद्रावर करायचा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, वयाचा पुरावा आणि बँक पासबुक लागते. ज्या भगिनीला हे अनुदान मिळते, तिला लाडकी बहीण योजनेचे पैसे वेगळे मिळत नाहीत. एकाच वेळी दोन्हीकडे अर्ज करून गोंधळ करू नये.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस 18 ते 59 या वयात गेला, तर कुटुंबाला एकदाच 20,000 रुपये मिळतात. ही योजना फार थोड्यांना ठाऊक आहे.

बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गमावलेल्या मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. प्रस्ताव बाल कल्याण समितीपुढे जातो.

अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळते आणि विधवा कुटुंबप्रमुख असलेली गरीब घरे त्या यादीच्या निकषात बसतात.

आता अडते कुठे ते सांगते. रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर असते आणि तिचे नाव वेगळे काढायला घरचे तयार नसतात. आधारवर एक नाव, मतदार यादीत दुसरे, नवऱ्याच्या दाखल्यावर तिसरे, कारण पाड्यावरचे नाव लिहिणाऱ्याने आपल्या कानाला आले तसे लिहिलेले असते. खाते आधारशी जोडलेले नसते. बोटांचे ठसे उमटत नाहीत, कारण आयुष्यभर दगड-माती उचललेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. सगळे जमून अनुदान सुरू झाले, तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला की पैसे थांबतात आणि का थांबले, हे तिला कोणी सांगत नाही.

पाड्यावरून तालुक्याला यायला पहाटे निघून दोन तास चालायचे, मग जीप पकडायची. साहेब बैठकीला गेले असतील तर परत जायचे. एका फेरीत तिची दिवसाची मजुरी जाते, भाडे जाते. तीन फेऱ्यांनंतर बाई म्हणते, "राहू द्या ताई, आमच्या नशिबात नाही." हिशेबातले जीपभाडे त्या चौथ्या फेरीचे असते. आपल्या कार्यकर्त्या तिच्याबरोबर जातात, अर्जाची पोच घेतात आणि ती पोच एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तिच्याच हातात देतात. मूळ कागद आम्ही आमच्याकडे ठेवत नाही. ते तिचे आहेत.

या सगळ्याला महिने लागतात. त्या मधल्या काळासाठी शिधा लागतोच, आणि तो आपल्या दानातून जातो. शेळ्या मात्र आम्ही लगेच देत नाही. तिचे स्वतःचे रेशनकार्ड आणि खाते झाल्याशिवाय दिलेली शेळी बहुधा दुसऱ्याच्या कर्जात बाजारात जाते. आधी तिचे स्थान पक्के करायचे, मग शेळी, मग आमचूर, मोहफुले, चारोळी यांच्या विक्रीसाठी बचत गट, असा आमचा क्रम आहे.

सरवा आणि वेस

देवाच्या वचनात विधवेसाठी दोन्ही व्यवस्था आहेत, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते.

रूथची गोष्ट आपण जाणतोच. नियमशास्त्राने कापणीत राहिलेल्या पेंढ्या आणि सरवा परके, अनाथ व विधवा यांच्यासाठी सोडायला सांगितले होते. त्यामुळे रूथ आणि नामी यांचे पोट भरले. आपला शिधा म्हणजे हा सरवा. पण रूथचे पुस्तक सरव्यावर संपत नाही. चौथ्या अध्यायात बवाज गावच्या वेशीवर जाऊन बसतो, दहा वडीलजनांना बोलावतो आणि अलीमलेखच्या जमिनीचा व रूथच्या भवितव्याचा निवाडा साक्षीदारांसमोर करून घेतो. आजच्या भाषेत तो फेरफारच. सरव्याने दोघी जगल्या. वेशीवरच्या निवाड्याने त्यांना गावात ठिकाण मिळाले.

लूकच्या 18 व्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाकडे भीक मागत नाही. ती न्याय मागते, आणि पुन्हा पुन्हा जाते. तिच्या सोबतीला कोणी होते असे तिथे लिहिलेले नाही. आपण निदान एवढे करू शकतो की तिला एकटीने जावे लागणार नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये पहिल्या मंडळीतले गाऱ्हाणे विधवांच्या वाटपावरूनच उठले. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा दुर्लक्षित राहत होत्या. मग जे सात सेवक निवडले, त्यांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपेक्षित होत्या, त्यांच्याच माणसांच्या हाती काम सोपवले गेले. म्हणून आपल्या विधवा समितीत आता पावरी आणि भिली बोलणाऱ्या भगिनी आहेत, त्यातल्या काही स्वतः विधवा आहेत. कोणाला किती दिवस शिधा द्यायचा, हे त्या ठरवतात. आणि मदत घेणारी भगिनी कोणाला नमन करते, हे त्या विचारत नाहीत. सरवा वेचायला येणाऱ्या परकी बाईलाही ते कोणी विचारायचे नव्हते.

आपण काय करू शकता

दान देत राहा, ही विनंती तर आहेच. त्याबरोबर आणखी काही.

आपल्या मंडळ्यांत निवृत्त तलाठी, बँकेतले कर्मचारी, वकील, शिक्षक आहेत. वर्षातून चार दिवस तालुक्याच्या ठिकाणी येऊन अर्ज भरायला बसलात, तर त्याचा मोठा आधार होईल. राहण्याची सोय आम्ही करू.

आपल्या स्वतःच्या मंडळीतल्या विधवांचीही विचारपूस करा. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मुले असली, तर त्याच्या पत्नीचा वाटा एक तृतीयांश असतो. किती घरांत तो तिला मिळतो? पौलाने तीमथ्याला विधवांची जबाबदारी प्रथम घरच्यांवर टाकायला सांगितले आहे. तेव्हा सुरुवात आपल्या घरापासून व्हावी.

आणि एक विनंती पाळकांना. दानार्पणाच्या वेळी आपण मार्कच्या 12 व्या अध्यायातली गरीब विधवा आणि तिच्या दोन टोल्या यांवर उपदेश करतो. यापुढे वाचन 41 व्या वचनापासून न करता 38 व्या वचनापासून करावे. तिच्या दोन टोल्यांची प्रशंसा करण्याच्या अगदी आधी प्रभूने विधवांची घरे गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या लोकांविषयी इशारा दिला आहे. तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या होत्या, याचा विचार मंडळीने त्या दिवशी करावा. मग आमच्या हिशेबातले जीपभाडे कशासाठी, हे आम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्या प्रार्थनेत या भगिनींची आणि त्यांच्याबरोबर डोंगर चढणाऱ्या कार्यकर्त्यांची आठवण असू द्या.

ख्रिस्तसेवेत आपली बहीण